प्रादेशिक सेना : तिची रचना, आपल्या भागातील पलटणी आणि आपली मुले
(शीळफाटा येथील विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गासाठी संस्थेने आम्हांस जो विषय दिला आहे, तो ऐकून काहींना नवल वाटले असेल. कल्याण समितीच्या व्यासपीठावर सैन्याच्या पलटणींची चर्चा कशासाठी? याचे उत्तर सरळ आहे. या विषयाचे अज्ञान आम्हांला महागात पडले आहे, आणि त्याची किंमत आमच्यापैकी कोणी नव्हे, तर आपल्याच वस्तीतल्या एका मुलाने मोजली आहे. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

हा मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कायम कामगार म्हणून लागला होता. घरी म्हातारी आई, पाठची बहीण शिकणारी. टीएची, म्हणजे प्रादेशिक सेनेची भरती निघाली, त्यात तो धावला, वैद्यकीय तपासणीत उतरला आणि निवडला गेला. आम्हांला कोण आनंद झाला! संस्थेने विहारात त्याचा सत्कार ठेवला, शाल-पुष्पगुच्छ दिला, भाषणे झाली. त्याने विचारले, "काका, कारखान्यात काय सांगू?" आम्ही छाती पुढे काढून सांगितले, "आता मिलिटरीत गेलास, कारखान्याचे काय घेऊन बसलास? राजीनामा दे!" त्याने राजीनामा दिला. प्रशिक्षण झाले, शिबिर झाले आणि काही महिन्यांनी मुलगा ट्रंक घेऊन घरी परत आला. कोणी त्याला काढले नव्हते, त्याची काही चूकही नव्हती. पुन्हा बोलावणे येईपर्यंत घरी राहायचे होते, इतकेच. वस्तीत मात्र कुजबुज सुरू झाली, की हा पळून आला असेल! कारखान्यात त्याची जागा भरली गेली होती. राजीनामा त्याने स्वतःच्या सहीने दिलेला, त्यामुळे कोणाला जाब विचारण्याची सोय नव्हती. तो आज कंत्राटावर काम करतो आहे.

बंधू-भगिनींनो, दोष त्याचा नाही, कारखान्याचा नाही आणि सैन्याचाही नाही. दोष आमचा आहे. प्रादेशिक सेना म्हणजे काय, ती कशी बांधलेली असते, हे जाणून न घेता आम्ही सल्ला दिला. तीच चूक पुन्हा होऊ नये, म्हणून आजचे हे भाषण.

आता मूळ विषयाकडे वळू. कोणताही देश जेवढे सैन्य युद्धात लागते, तेवढे बारा महिने तेरा काळ उभे ठेवू शकत नाही. तेवढ्या माणसांचा पगार, अन्न, वस्त्र, निवारा कोणत्याही तिजोरीला झेपणार नाही. म्हणून सैन्याचे दोन भाग असतात. एक नियमित, म्हणजे कायम गणवेशात असणारा. दुसरा राखीव. राखीव सैनिक एरवी आपला नोकरीधंदा करतो, वर्षातून ठरावीक दिवस कवायत आणि शस्त्रांचा सराव करतो आणि हाक आली की गणवेश चढवतो. आपल्याकडे या दुसऱ्या भागाचे नाव प्रादेशिक सेना.

इंग्रजांच्या राज्यात १९२० च्या कायद्याने 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' निघाली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये प्रादेशिक सेनेचा स्वतंत्र कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिचे रीतसर उद्घाटन केले. म्हणून ९ ऑक्टोबर हा दिवस प्रादेशिक सेनेचा दिन म्हणून पाळला जातो. सुरुवातीच्या काळात तिच्यात पायदळाबरोबर विमानविरोधी तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय अशा अनेक प्रकारच्या तुकड्या होत्या. १९७२ पर्यंत यांतील बहुतेक तुकड्या मोडण्यात आल्या किंवा नियमित सैन्यात गेल्या. पायदळाच्या पलटणी मात्र टिकल्या. आपल्या मुलांचा संबंध मुख्यतः याच पलटणींशी येतो.

पलटण कशी बनते, हे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे. सर्वांत लहान एकक म्हणजे सेक्शन, सुमारे १० जवानांचे. ३ सेक्शन मिळून एक प्लाटून. ३ प्लाटून मिळून एक रायफल कंपनी, म्हणजे शंभराच्या वर माणसे. अशा साधारण ४ रायफल कंपन्या आणि दळणवळण, रसद, कचेरी, स्वयंपाक, वाहने सांभाळणारी एक मुख्यालय कंपनी मिळून पलटण, म्हणजेच बटालियन, होते. संख्या धरा सुमारे ८००. सेक्शनवर हवालदार किंवा नाईक, प्लाटूनवर सुभेदार किंवा नायब सुभेदार, कंपनीवर मेजर आणि पलटणीवर कर्नल, अशी साधारण उतरंड असते. 'सुभेदार' हा शब्द आपल्या घरांना परका नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, हे इथला लहान मुलगाही सांगेल. पण सुभेदाराच्या हाताखाली किती माणसे आणि वर कोण, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

पलटणीच्या वर ब्रिगेड. लढाईच्या ब्रिगेडमध्ये साधारण ३ पलटणी आणि त्यांच्यावर एक ब्रिगेडिअर असतो. इथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्या. प्रादेशिक सेनेच्या पलटणी शांततेच्या काळात लढाऊ ब्रिगेड म्हणून एकत्र ठेवलेल्या नसतात. त्या गावोगावी विखुरलेल्या असतात आणि त्यांची भरती, प्रशिक्षण, हिशेब, तपासणी पाहण्यासाठी प्रत्येक मोठ्या विभागात एक ग्रुप मुख्यालय असते. त्याचाही प्रमुख ब्रिगेडिअर दर्जाचा असतो. आपला महाराष्ट्र दक्षिण कमांडच्या ग्रुप मुख्यालयाखाली येतो आणि ते पुण्यात आहे. त्याच्या वर दिल्लीचे महासंचालनालय. युद्धाची किंवा बंदोबस्ताची वेळ आली, की ग्रुप मुख्यालय स्वतः लढायला जात नाही. ते पलटण तयार करून देते आणि ती पलटण, कधी तिची एखादी कंपनीच, जिथे गरज असेल तिथल्या नियमित सैन्याच्या हाताखाली जाते.

आपल्या शीळफाट्याचेच उदाहरण घ्या. कल्याणकडून, मुंब्र्याकडून, पनवेलकडून, महाप्याकडून येणाऱ्या वाटा या परिसरात एकत्र मिळतात. सकाळी इथे उभे राहिलेल्या माणसांचे गाव वेगळे, कारखाना वेगळा, पाळी वेगळी. पण गाडीची वेळ झाली, की सगळे याच फाट्यावर येतात आणि इथून जिथे जायचे तिथे जातात. ग्रुप मुख्यालयाचे काम या फाट्यासारखे आहे. तो कोणाचा मुक्काम नसतो, पण तो नसला तर कोणी वेळेवर पोहोचणार नाही.

आता आपल्या भागातील पलटणी पाहू. पुण्यात १०१ इन्फंट्री बटालियन (टीए), मराठा लाईट इन्फंट्री. कोल्हापुरात १०९, तीही मराठा लाईट इन्फंट्रीशी जोडलेली. नाशिकजवळ देवळालीला ११६, ही पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेली. नागपुरात सीताबर्डीच्या किल्ल्यात ११८, ग्रेनेडिअर्सशी जोडलेली. आणि सीमाभागात बेळगावला ११५ इन्फंट्री बटालियन (टीए), महार. दक्षिणेत बंगळूरला १०६ पॅरा आणि कोइमतूरला ११० मद्रास या पलटणी याच कमांडच्या आहेत. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांना २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला आणि २०१९ मध्ये ते काश्मीरमध्ये ज्या पलटणीबरोबर राहिले, ती हीच बंगळूरची १०६.

प्रत्येक पलटणीच्या नावापुढे एका जुन्या रेजिमेंटचे नाव आहे, हे आपण पाहिलेत. हा केवळ मान नाही. टीएची पलटण ज्या रेजिमेंटशी जोडलेली असते, तिची परंपरा, तिची निशाणी आणि तिचे केंद्र तिला लाभते. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, ग्रेनेडिअर्सचे जबलपूरला. शिवाय प्रत्येक टीए पलटणीत काही मोजके अधिकारी आणि शिक्षक नियमित सैन्यातून आलेले असतात. त्यांना पर्मनंट स्टाफ म्हणतात. ठाण्याचा रिक्षावाला, साताऱ्याचा शेतकरी आणि कल्याणचा फिटर यांना एका पलटणीत बांधण्याचे काम हा पर्मनंट स्टाफ करतो.

पायदळाखेरीज आणखी काही प्रकार आहेत. रेल्वे, तेल कंपन्या यांसारख्या खात्यांच्या आपल्याच कर्मचाऱ्यांतून उभ्या केलेल्या खातेनिहाय तुकड्या असतात. रेल्वेच्या तुकड्या अलीकडच्या वर्षांत कमी करण्यात आल्या. कल्याणच्या जुन्या रेल्वे कामगारांना १९७४ चा संप आठवत असेल. त्या वेळी गाड्या चालू ठेवण्यासाठी रेल्वेच्या टीए तुकड्या बोलावल्या गेल्या होत्या. एकाच यार्डात काम करणारा एक भाऊ संपावर आणि दुसरा गणवेशात, असा प्रसंग राखीव सैनिकावर येऊ शकतो, हे नाव घालण्यापूर्वी प्रत्येकाने समजून घ्यावे. जम्मू-काश्मीरमध्ये स्थानिक तरुणांच्या 'होम अँड हर्थ' पलटणी आहेत. आणि चौथा प्रकार पर्यावरण पलटणींचा. पहिली १२७, गढवाल रायफल्सशी जोडलेली, १९८२ मध्ये उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी उघड्या पडलेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिने झाडे लावली. अशा पलटणींत प्रामुख्याने माजी सैनिक घेतले जातात. आपल्या मराठवाड्यात २०१७ मध्ये १३६ इन्फंट्री बटालियन (टीए) इको, महार, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभी राहिली. उघड्या माळावर झाड जगवणे हे बंदूक चालवण्याहून सोपे काम आहे, असे कोणी समजू नये!

आता ज्या मुद्द्यावर आमची चूक झाली, तो मुद्दा. टीएच्या जवानाच्या दोन अवस्था असतात. एक 'एम्बॉडीड', म्हणजे सेवेत बोलावलेला. दुसरी 'डिसएम्बॉडीड', म्हणजे घरी परत पाठवलेला, पण नाव पलटणीच्या पटावर कायम असलेला. बोलावलेल्या काळात त्याला नियमित जवानाप्रमाणे पगार, भत्ते, रेशन, औषधोपचार मिळतो. घरी असलेल्या काळात पगार नाही. पायदळाच्या पलटणीत वर्षाला साधारण दोन महिन्यांचे शिबिर असते. शहरी तुकड्यांसाठी शनिवार-रविवारी सराव घेण्याची आणि चार तासांचा सराव एक दिवस धरण्याची पद्धत ठेवलेली आहे. बोलावणे किती दिवसांचे येईल, याची मात्र कोणी हमी देत नाही. काही जवान वर्षानुवर्षे सलग सेवेत राहतात, काही शिबिरापुरते जातात. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत टीएच्या तुकड्या बोलावल्या गेल्या, श्रीलंकेत गेल्या, काश्मीर आणि ईशान्य भारतात बंदोबस्ताला राहिल्या. अलीकडे ६ मे २०२५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएचे सर्व अधिकारी व जवान बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ पायदळी पलटणींपैकी १४ पलटणी निरनिराळ्या कमांडमध्ये तैनातीसाठी बोलावण्याची तरतूद केली. म्हणजे राखीव सैन्य हे कागदावरचे सैन्य नाही. पण ती कायम नोकरीही नाही. पेन्शनसाठी जवानाची प्रत्यक्ष बोलावलेली सेवा १५ वर्षे भरावी लागते. घरी बसलेली वर्षे त्यात धरली जात नाहीत.

मग ज्याला पोट आहे, त्याने काय करावे? याचे उत्तर कायद्यातच आहे आणि तेच आम्हांला ठाऊक नव्हते! प्रादेशिक सेनेचा मूळ विचारच असा, की माणसाला आधी त्याचा नोकरीधंदा असावा. म्हणून सैन्यसेवेसाठी बोलावलेल्या माणसाला, ती सेवा संपल्यावर, पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, अशी तरतूद कायद्यात आहे. परंतु हे संरक्षण नोकरीवर असलेल्या माणसासाठी आहे. स्वतः राजीनामा देऊन मोकळा झालेल्याला कायदा तरी कसा वाचवणार? आम्ही त्या मुलाच्या अंगावरची ढाल आमच्याच हाताने काढून घेतली आणि वर त्याला शाल पांघरली.

बंधूंनो, 'गरज सरो आणि वैद्य मरो' ही म्हण आपल्या समाजाने सैन्याच्या बाबतीत अनुभवलेली आहे. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. कोरेगावच्या स्तंभावरील नावे त्याची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लढवय्या आणि बिनलढवय्या जाती असा भेद करून, सरकारने आपली भरती बंद केली. त्याविरुद्ध दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली आणि १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली! जवान घरी आले, ते पुन्हा त्याच गावकीत. त्यांना कामावर परत घ्या, असे सांगणारा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ही रेजिमेंट मग मोडली गेली नाही. स्वातंत्र्यानंतर ती वाढली, सर्व जातीधर्मांच्या जवानांना तिने सामावून घेतले. तिच्यातून जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख झाले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेतील लढाईत वीरमरण आले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. ज्या बेळगावात १९४१ मध्ये पहिली महार पलटण उभी राहिली, त्याच बेळगावात आज ११५ टीए महार आहे. १९२१ चा जवान आणि आजचा टीए जवान, दोघेही युद्ध वा शिबिर संपल्यावर घरी येतात. फरक एवढाच, की आजच्या जवानाच्या हातात हक्काचा कागद आहे. तो कागद वाचता आला नाही, तर शंभर वर्षांत आपण काय मिळवले?

विद्यार्थी मित्रांनो, आता काही व्यवहाराच्या गोष्टी. टीएमध्ये जवान म्हणून भरतीचे वय १८ ते ४२ आहे, म्हणजे नियमित सैन्याचे वय उलटलेल्यालाही इथे वाव आहे. अधिकारी होण्यासाठी पदवी लागते, नोकरी किंवा व्यवसाय असावा लागतो, लेखी परीक्षा आणि मुलाखती द्याव्या लागतात. मुलींनाही आता अधिकारी म्हणून हा मार्ग खुला आहे. २०२२ पासून नियमित सैन्यात अग्निवीर म्हणून ४ वर्षांची भरती होते. ती योजना वेगळी आणि टीए वेगळी, याची गल्लत करू नका. होमगार्डही वेगळा. ते राज्याचे, पोलिसांच्या मदतीचे दल आहे, सैन्य नव्हे. भरतीच्या मेळाव्याची जाहिरात निघाली, की उंची, छाती, शिक्षण आणि कागदपत्रे यांच्या अटी त्या जाहिरातीतूनच वाचा, कोणाच्या तोंडून ऐकू नका. भरतीसाठी पैसे मागणारा माणूस मग तो कितीही ओळखीचा असो, त्याला दारात उभा करू नका. सैन्यात भरती होण्यासाठी पैसा लागत नाही, दम लागतो. शीळ रस्त्यावरच्या धुरात आणि गर्दीत धावायचा सराव होत नसेल, तर पहाटे उठावे लागेल, त्याला इलाज नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. निवड झाली म्हणून राजीनामा देऊ नका. आपल्या मालकाला किंवा खात्याला लेखी कळवा, पलटणीचे पत्र त्याला जोडा, पोच घ्या आणि ती पोच घरच्यांच्या ताब्यात ठेवा. परत आल्यावर डिसएम्बॉडी झाल्याचा कागद घेऊन वेळेत हजर व्हा. ज्याला कायम नोकरी नाही, त्याने टीएवर संसाराचे गणित बांधू नये. हातात एखादे कौशल्य ठेवावे. वायरमन, फिटर, ड्रायव्हर ही कामे बोलावण्यापूर्वीही चालतात आणि परतल्यावरही चालतात.

संस्थेलाही आमची विनंती आहे. यापुढे सत्कार करण्यापूर्वी त्या मुलाचे नियुक्तीपत्र दोन जाणत्या माणसांनी बसून वाचावे. वस्तीतील निवृत्त सैनिकांनी महिन्यातून एक रविवार विहारात यावे आणि अर्ज भरून द्यावेत. आणि टीएचा जवान घरी परतला, की त्याच्या आईला कोणी विचारू नये, की "काढले का हो त्याला?" तो रजेवरही नाही आणि पळालेलाही नाही. तो आपल्या जागेवर आहे. राखीव सैनिकाची जागा घरीच असते.

ज्या मुलाची हकीकत आम्ही सांगितली, तो आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. या भाषणाला त्याने संमती दिली, एवढेच नव्हे, तर डिसएम्बॉडी म्हणजे काय हे आम्हांला प्रथम त्यानेच समजावून सांगितले. त्याचे नाव अजून पलटणीच्या पटावर आहे. पुढच्या शिबिराचे पत्र येईल, तेव्हा तो जाणार आहे. आम्ही भर सभेत त्याची क्षमा मागतो आणि ज्या कोणा सभासदाच्या कारखान्यात कायम जागा निघेल, त्याने प्रथम त्याला कळवावे, अशी विनंती करून आमचे भाषण संपवतो.

जय भीम! जय भारत!